आपोआप पेटणाऱ्या डोंगरात तीन दिवस

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी गडमुडशिंगीहून निघाले तेव्हा आईनं पिशवीत आत्तीसाठी (आत्ती म्हणजे आत्या) चटणीचा डबा घातला, शेंगदाण्याचे लाडू घातले आणि वरून एक सल्ला ठेवला.

"तितं जाऊन शाणपणा शिकवू नगंस. त्यास्नी डोंगराचं तुज्यापेक्षा जास्त कळतंय."

हा शाणपणा म्हणजे माझी पदवी. आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर नाव असलेली माणसं पुष्कळ आहेत, पदवीच्या कागदावर नाव असलेली मी पहिली. बी.ए., भूगोल. तो कागद वडिलांनी चौकटीत घालून देव्हाऱ्याच्या वर लावलाय, देवापेक्षा एक वीत उंच. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. शेवटच्या वर्षाला 'वणव्याची कारणे व परिणाम' यावर मी दीड पान लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. पेपरातला वणवा फार शिस्तीचा असतो. मुद्देसूद लागतो, मुद्देसूद विझतो आणि शेवटी 'अशा प्रकारे' म्हणून निघून जातो.

आत्ती राहते शाहूवाडीच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. मामा (आत्तीचे यजमान) वारले, मुलगा पुण्याला कंपनीत आहे, ती एकटीच असते. आठ वर्षांपूर्वी तिनं घरामागच्या उतारावर काजू लावले. पहिल्या वर्षीच्या वणव्यात सगळी रोपं गेली. दुसऱ्यांदा लावली, त्यातली निम्मी तिसऱ्या वर्षी गेली. तिनं परत खड्डे भरले. आता बेचाळीस झाडं उभी होती आणि यंदा पहिल्यांदा मनासारखं पीक धरलं होतं. तिचा फोन आला तो असा: "वैशे, काजू लागल्यात. येचायला ये. आत्ताच ये, न्हायतर डोंगूर लागंल आनि मग तुला नुस्ती खोडं बघाय यावं लागंल."

तेव्हा माझा प्रवास हा काजू वेचायला होता. वणवा बघायला जावं लागत नाही. तो आमच्याकडं घरपोच येतो.

कोल्हापूर स्टँडवरून रत्नागिरी रस्त्याची एसटी मिळाली. खिडकीची जागाही मिळाली, म्हणजे पुढं काहीतरी वाईट होणार हे नक्की होतं. ते वाघबीळच्या चढाला झालं. इंजिन तापलं, कंडक्टरनं "उतरून पाय मोकळं करा" असं औदार्य दाखवलं आणि ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन बॉनेटशी बोलत बसला. समोर पन्हाळ्याकडं जाणारा फाटा. शनिवारमुळं गाड्यांची रांग लागलेली, सगळ्यांना गडावरची थंड हवा खायची घाई. त्या हवेच्या खालचा उतार मात्र काळा पडला होता. दोन-तीन दिवसांपूर्वीच जळाला असावा. कडेला दोन लाकडी खांब अर्धे जळून उभे होते आणि त्यांच्यावरची पत्र्याची पाटी खाली पालथी पडली होती. मी पायानं उलटून पाहिली. 'वणवा लावू नका' असं तिच्यावर लिहिलं होतं. पाटीनं आपलं काम शेवटपर्यंत केलं होतं, याबद्दल शंका नाही.

रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी थांबली होती. त्यातल्या गॉगलवाल्यानं सिगारेट संपवली आणि थोटूक न विझवता न जळालेल्या बाजूच्या गवतात टाकलं. जळालेल्या बाजूला टाकायचं नाही, एवढा विवेक त्याच्याकडं होता. मी जाऊन ते चपलेखाली रगडलं.

"ओ ताई, एवढ्याशा थोटकानं काय होतंय?" तो हसून म्हणाला.

"काय न्हाय," मी म्हणाले, "तो समोरचा डोंगूर बी एवढ्याशानंच गेलाय."

"आम्ही नाही हां केलं ते."

"न्हाय की. कोनच करत न्हाय. हितं आपोआप हुतंय."

त्याला पटलं. तो खूश होऊन गडावर गेला.

मलकापूरला उतरून पुढं वडाप (भरेपर्यंत न हलणारी जीप). ड्रायव्हरचं नाव तानाजी. त्यानं नऊ माणसांच्या गाडीत पंधरा माणसं, एक सायकल आणि तीन कोंबड्या बसवल्या, आणि तरी मागं वळून विचारलं, "अजून कोन ऱ्हायलं का, पावणं?" वाटेत दोन्ही बाजूंनी डोंगर, काही पिवळे, काही काळे. लांबून बघितलं तर म्हशीच्या पाठीवर मधेच केस गेल्यासारखे दिसत होते. मी सहज विचारलं, "कसं लागलं हे सगळं?"

जीपमध्ये पंधरा माणसं होती, तेव्हा उत्तरंही पंधरा मिळाली. कुणी म्हणालं, मध काढणाऱ्यांचा धूर. कुणी म्हणालं, सशाच्या मागं लागलेले शिकारी. एका बाईनं सांगितलं, गडावर येणारी पोरं चुली पेटवतात आणि तशाच टाकून जातात. एकानं विजेच्या तारांवर ढकललं. हे सगळं खरं असतं, मीही पेपरात हेच लिहिलं होतं. पण एक कारण कुणी सांगेना, तेवढं सोडून गाडी सगळीकडं फिरली. शेवटी तानाजीनं निकाल दिला.

"त्यात एवढं काय? ऊन तापतंय, गवात वाळल्यालं असतंय, दगडावर दगूड घासतोय. आपसूक लागतोय डोंगूर."

"दगड कोण घासतंय?" मी विचारलं.

"आँ?"

"दगडावर दगड. घासायला कोनतरी लागंलच की."

"ताई, तुमी शिकल्याल्या दिसताय," तानाजी म्हणाला. आमच्याकडं ही शिवी नाही, पण कौतुकही नाही.

दुपारी वाडीत पोचले. आत्ती दारातच उभी होती. तिनं आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, मग म्हणाली, "वाळलीस. बस, जेव." नाचणीची भाकरी, ओल्या काजूगरांची उसळ आणि ताकाची कढी. शहरातल्या हॉटेलात ही उसळ मोठ्या नावानं मिळते. इथं ती काळ्या पडलेल्या पातेल्यात होती आणि त्यापुढं हॉटेलातली उसळ म्हणजे नुसती अफवा. गर सोलताना त्याचा चीक लागून आत्तीच्या बोटांची कातडी सोलवटली होती. "चीक लागतोच," ती म्हणाली. "फुकाट कायबी मिळत न्हाय."

उन्हं कलल्यावर ती मला उतारावर घेऊन गेली. लाल-पिवळी बोंडं (काजूचं फळ, ज्याच्या टोकाला बी लटकते) पानांतून डोकावत होती. वास असा गोड आणि उग्र, की नाकाला कळेना काय करावं. आत्ती प्रत्येक झाडाला हात लावत चालली होती. कुठलं झाड कुठल्या वर्षीचं, कुठल्याचा बुंधा वणव्यानं एका बाजूनं भाजला होता आणि तरी वाचला, सगळं तिला पाठ. उताराच्या एका कडेला खोलगट ओढा, ओढ्यापलीकडं गर्द हिरवं देवाचं रान. भैरोबाची देवराई. त्यातलं पान कुणी तोडत नाही, पडलेलं लाकूड कुणी उचलत नाही आणि काडी पेटवायचं तर स्वप्नातसुद्धा नाही. आजूबाजूचा डोंगर दरवर्षी काळा होतो, हे रान कधी काळं झालेलं कुणाला आठवत नाही. ओढ्याला पाणी येतं ते याच रानातून. आत्ती लग्न होऊन आली तेव्हा हा ओढा मे महिन्यापर्यंत वाहायचा, आता फेब्रुवारीतच दगड दिसतात. उघड्या डोंगरावरची माती पहिल्या पावसात राखेसकट वाहून जाते. पाणी मुरायला खाली काही उरतच नाही, तर झरा काय देणार? हे मी आत्तीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "व्हय. घागर मीच आनतो की."

(आमच्याकडं बायकाही 'आणतो', 'जातो'च म्हणतात. व्याकरणवाल्यांनी मन मोठं करावं.)

परत येताना शेजारचे तात्या भेटले. सत्तरीचे, डोक्याला टॉवेल, चार म्हशी. आत्तीच्या काजूच्या खालच्या अंगाला त्यांचं गवताचं रान. मी गव्यांचा विषय काढला, कारण वाटेत मला गव्यांच्या खुरांचे ठसे दिसले होते.

"लई माजल्यात," तात्या म्हणाले. "माझा वाटाणा खाल्ला, तुझ्या आत्तीची केळ खाल्ली. सरकारनं बंदोबस्त कराय पायजे."

"तात्या, डोंगरावरचं गवत जाळल्यावर ते काय खाणार? त्यांचं ताट जाळलं तर ते आपल्या ताटात येनारच की."

"गवात जाळाय लागतंय, पोरी. जुनं गवात काडी हुतंय, म्हस तोंड लावत न्हाय. जाळलं की पयल्या पावसाला कसं कवळं लुसलुशीत फुटतंय."

"पयल्या पावसाला फुटतंय. पण दरसाल जाळून चांगल्या गवताची मुळं मरत्यात आणि राहतंय ते कुसळ. मागं इथं म्हशी दसऱ्यापर्यंत चरायच्या म्हणे. आता?"

तात्यांनी टॉवेल काढून झटकला. "आता वैरण इकत आनतोय," ते म्हणाले, आणि मग जणू पुरावाच सापडला अशा आवाजात, "म्हनूनच तर जाळाय लागतंय!"

या तर्काला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. मी दिले नाहीत. आईचा सल्ला आठवला, पण उशिरा.

रविवारी सकाळी आत्ती विळे आणि दोन खराटे घेऊन निघाली. जाळरेषा काढायची होती (काजूभोवतीच्या गवतात दहा पावलं रुंद पट्टी कापून, झाडून मोकळी करायची. आग तिथवर येते आणि खायला काही नाही म्हणून मरते). दोन वर्षं ती हे एकटी, जमेल तेवढंच करत होती. यंदा हाताखाली पदवीधर मिळाली होती. पहिला तास मी गाणं म्हणत गवत कापलं. दुसरा तास गाण्याशिवाय. तिसऱ्या तासाला तळहाताला फोड आले आणि चौथ्याला ते फुटले. आत्ती माझ्या दुप्पट वेगानं पुढं जात होती आणि मधूनच मागं बघून म्हणत होती, "कापल्यालं गवात आत टाकू नगंस, भायेर टाक. सरपन गोळा करालीयास का?"

संध्याकाळपर्यंत वरची बाजू झाली, दोन्ही कडा झाल्या, खालचीही बहुतेक झाली. खालच्या कोपऱ्यात, तात्यांच्या रानाला लागून, वीसेक पावलं उरली.

"एवढं आवरून जाऊ," आत्ती म्हणाली.

माझे हात विळा धरेनात. पण हात दुखतात असं सांगायचं सोडून मी भूगोल सांगितला. "आत्ती, वारं पश्चिमेकडनं येतंय. हा कोपरा पूर्वेला. हिकडनं जाळ यायचाच न्हाय. उद्या सकाळी करू."

आत्तीनं त्या कोपऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तू शिकल्याली हाईस," ती म्हणाली, आणि विळे गोळा केले.

वरच्या पायवाटेवर तात्या म्हशी घेऊन उभे होते. त्यांनी वरूनच हाक दिली, "बेस काम केलासा! आता निवांत."

मला वाटलं, कौतुक केलं.

सोमवारी सकाळी आम्ही काजू वेचायला बसलो. बोंड पिळून बी वेगळी करायची, बी टोपलीत, बोंड बाजूला. कोपऱ्याचं काम चहानंतर, मग न्याहरीनंतर, मग 'एवढी टोपली भरू दे' असं पुढं सरकत गेलं. दहा-साडेदहाला खालून धूर दिसला. बारीक होता, निळसर, एखाद्याच्या चुलीचा असावा तसा. आत्ती उभी राहिली. तिनं नाकानं वास घेतला आणि टोपली खाली ठेवली.

"गवात हाय ते," ती म्हणाली.

तात्यांनी आपला बांध पेटवला होता. काल वरून जाळरेषा बघितली होती, तेव्हा आता काजूला धोका नाही, म्हणजे आता निवांत जाळायला हरकत नाही. सात वर्षं ते आत्तीच्या काजूसाठी थोडं तरी थांबून, संध्याकाळी वारं पडल्यावर काडी लावत होते. यंदा आमच्या जाळरेषेनं त्यांना धीर दिला. बांध पेटवून ते वाडीत चहा प्यायला गेले होते. दिवसा ऊन चढलं की वारं उतारावरून वर चढतं, पूर्व-पश्चिम काही बघत नाही, आणि आगही त्याच्याबरोबर धावते. हे मी त्या दीड पानात लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात, अधोरेखित करून.

मी खालच्या कोपऱ्याकडं धावले. त्या वीस पावलांत गुडघ्याएवढं गवत उभं होतं. जाळाचा आवाज मी पहिल्यांदा एवढ्या जवळून ऐकला. शंभर माणसं एकदम कागद फाडतात तसा. आत्ती फांदी घेऊन झोडपायला लागली होती, एकटी. "वाडीत जा!" ती ओरडली. "मानसं आन!"

देवळासमोरच्या पारावर आठ-दहा जण बसले होते. तात्याही होते, हातात कप. दोघेजण धुराचा व्हिडिओ काढत होते.

"आत्तीच्या काजूला लागतंय! चला!"

"लागलं व्हय?" एकजण म्हणाला. "सड्यापातुर जातंय आनि आपसूक इझतंय." (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ.)

"चा तेवढा संपू दे, आलोच," दुसरा म्हणाला.

तात्यांचा कप तोंडाशी थांबला होता. "जाळरेषा काढलीया की," ते म्हणाले. "कसं लागंल?"

त्या वेळी मला कारणं आठवली, परिणाम आठवले, मुरणारं पाणी आणि मरणारी मुळं सगळं आठवलं, आणि यातलं एकही वाक्य या पारावरून एक माणूस उठवणार नाही हेही कळलं. मी छाती भरून ओरडले:

"देवाच्या रानाला लागलं!"

कप जिथल्या तिथं राहिले. पार क्षणात रिकामा झाला. गुरव देवळातून अनवाणी धावत आले. घराघरातून बायका घागरी घेऊन निघाल्या. ज्या म्हाताऱ्यांना काठीशिवाय उठता येत नव्हतं ते काठी टाकून धावले. मलकापूरहून तेवढ्यात आलेली तानाजीची जीप रस्त्यात तशीच सोडून त्यातली माणसंही आली, सायकलवाला सायकल टाकून. एवढी माणसं या वाडीत राहतात हे मला तेव्हा समजलं.

जाळ अर्थात देवाच्या रानाला लागला नव्हता. तो ओढ्याच्या अलीकडं, आत्तीच्या कोपऱ्यातून आत शिरला होता. पण धावत आलेली माणसं धुरात उभी राहून हद्दी मोजत बसली नाहीत. ओल्या फांद्यांनी, पोत्यांनी, एकानं अंगातला शर्ट काढून, सगळे झोडपायला लागले. बायकांनी ओढ्यातलं उरलंसुरलं पाणी हातोहात वर आणलं. तात्या सगळ्यांत पुढं होते. एक पेटलेली फांदी त्यांनी नुसत्या हातानं बाजूला ओढली. जाळरेषा जिथं होती तिथं आग खरंच येऊन मेली. जिथं नव्हती तिथून ती आत गेली. एवढंच शास्त्र त्या दिवशी खरं ठरलं.

दुपारी सगळं थांबलं. अकरा झाडं गेली, खालच्या कोपऱ्यातली. बोंडं फांदीवरच भाजून काळी पडली होती आणि काजूचं तेल जळाल्याचा वास डोळ्यांत चुरचुरत होता. वर एक टिटवी एकाच जागेवर घिरट्या घालत ओरडत होती. त्या जागेवर तिची अंडी असणार, किंवा सकाळपर्यंत तरी असणार. राखेत एक सरडा पाय पसरून पडला होता, अगदी जिवंत असल्यासारखा. तो मात्र आपोआप तिथं आला होता, हे मान्य करायला हवं.

आत्ती अकरा खोडांजवळून फिरली. प्रत्येकाला हात लावला, परवा लावला होता तसाच. मग म्हणाली, "एकतीस ऱ्हायल्यात." मला रागावली असती तर बरं झालं असतं.

तोवर गुरवांच्या ध्यानात आलं होतं. "देवाचं रान तर हिरवंगार हाय," ते म्हणाले. "कोन वरडलं?"

"मी," मी म्हणाले.

"देवाचं नाव घिऊन खोटं? शिकून हे शिकलीस व्हय?"

माणसं माझ्याकडं वळली. सकाळी ज्यांनी माझ्या शब्दावर जीव धोक्यात घातला होता, त्यांचे चेहरे आता जाळापेक्षा तापले होते. तेवढ्यात आत्ती मधे आली. केस राखेनं पांढरे झालेले, पदर एका बाजूनं जळालेला.

"गुरव, देवाच्या रानातनं पानी खाली येतंय ते कुटनं येतंय?"

"वड्यानं."

"आनि वड्यात कुटनं?"

"ह्या... ह्या उतारावरनंबी येतंय."

"मग उतार कुनाचा?"

गुरवांनी उताराकडं बघितलं, मग रानाकडं. शेवटी ते म्हणाले, "खोट्याचा दंड म्हनून नारळ द्यावा लागंल."

"देतो की," आत्ती म्हणाली. "पन गाऱ्हानं मी सांगंन तसं घालायचं."

संध्याकाळी देवळापुढं नारळ ठेवला. गाऱ्हाणं (देवापुढं सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं केलेली विनवणी) आत्तीनं सांगितलं आणि गुरवांनी घातलं: 'व्हय म्हाराजा, वड्यापासनं तात्याच्या बांधापातुर समदा उतार आजपासनं तुजा. जो हितं काडी लावंल त्येला तू बघून घे.' सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाले. तात्याही. त्यांचा उजवा हात फडक्यात बांधलेला होता आणि त्यांनी मान वर केली नाही. पाट्यांना जमलं नाही, मला जमलं नाही, ते एका नारळाला जमेल का? पुढच्या मार्चला कळेल. देव बघून घेईल हे ठीक, पण माणसंही बघत राहिली तर त्याला मदत होईल.

त्यानंतर वनखात्याचा माणूस मोटारसायकलवर आला. एवढ्या सगळ्या डोंगरांना तो एकटा, घामानं भिजलेला, दिवसातला तिसरा वणवा बघून आलेला. त्यानं वही काढून विचारलं, "कुणी लावला?"

सगळी वाडी आभाळाकडं बघायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, "आपसूक लागला, साहेब." तो थकून हसला आणि लोकांनी जे सांगितलं ते लिहून घेतलं. मी जवळच उभी होते. मीही गप्प बसले. तात्यांचं नाव सांगितलं असतं तर कोपऱ्याचंही सांगावं लागलं असतं.

मंगळवारी सकाळी परत निघाले. आत्तीनं काजूबियांची पिशवी दिली, धुराचा वास येणारी. "जूनला ये," ती म्हणाली. "अकरा खड्डं काडायचं हाईत. आनि हातमोजं आन, फोडवालीला." एवढं टोचून झाल्यावर ती हसली, आणि मला मान वर करून जीपकडं जाता आलं.

जीपमध्ये तात्या माझ्या समोरच बसले होते, हात दाखवायला मलकापूरला निघालेले. तानाजीनं गाडी सुरू केली आणि आरशात बघून, नेहमीच्या थाटात विचारलं, "काय ताई, बगितलासा न्हवं? मी म्हनत नव्हतो, आपसूक लागतोय?"

उत्तर आधी कोंबड्यांनी दिलं. मग तात्या म्हणाले, "म्या लावला."

तानाजीचा पाय ब्रेकवर गेला. "आवं तात्या, न्हाय म्हंजे... कदीकदी आपसूकबी..."

"न्हाय लागत," तात्या म्हणाले. "चालव गाडी."

पंधरा माणसं खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर काळे डोंगर होते, त्यामुळं त्यांची फार सोय झाली नाही. मी म्हणाले, "तात्या, खालचा कोपरा मी सोडला होता. वीस पावलं."

"म्या वरनं बगितलं, मला दिसला न्हाय." त्यांनी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. "तुला दिसला हुता."

ते चिडून म्हणाले नाहीत. म्हणूनच ते वाक्य मलकापूरपासून कोल्हापूरपर्यंत माझ्या शेजारी बसून आलं. खिडकीची जागा त्यालाच मिळाली.

पेपरात मी लिहिलं होतं की वणव्याची कारणे दोन, नैसर्गिक आणि मानवनिर्मित. 'मानव' हा फार सोयीचा शब्द आहे. त्याला गाव नसतं, शेजारी नसतात, त्याला कुणी जीपमध्ये समोर बसवत नाही. मी त्याला या तीन दिवसांत दोनदा भेटले. एकदा त्याचा तळहात भाजलेला होता, एकदा त्याच्या तळहाताला फोड आलेले होते. दुसरा तळहात अजून जेवताना झोंबतो.

घरी पोचले. देव्हाऱ्यावरचा कागद जागच्या जागी होता. आईनं पिशवी उघडली, वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

"लागला?"

"लागला. अकरा झाडं गेली."

"अगंबाई. कसा लागला?"

"तात्यांनी लावला," मी म्हणाले, "आणि मी आत घेतला."